विचारल्याशिवाय हलवू नये

संगणक म्हणतो, लॉट एक्केचाळीस-ब
तांब्याच्या टाकीपाशी आपली पाळी यायची वाट पाहतोय.
चोवीस पॅनेलं, आठ थरांची.
दोनशे अकरा दिवस तो हेच म्हणतोय
अहवालाच्या शेवटच्या पानावर,
जिथवर कुणी जात नाही.
संगणकाला खोटं बोलायचं कारण नाही,
एवढंच की तो कधी खाली उतरलेला नाही.

उद्या ऑडिट. म्हणून मी उतरते.

ड्रिलिंगच्या हॉलमध्ये तीस मशीनं
केसाएवढी भोकं पाडत बसलेली,
आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
मक्याच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट.
हिरवंच लागतं. पिवळं चालत नाही,
तारीख उलटलेलं तर मुळीच नाही.
मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून.
मागच्या ऑडिटरने विचारलं होतं, ही कुठली प्रक्रिया?
मी म्हटलं, प्रतिबंधात्मक देखभाल.
त्याने लिहून घेतलं.

माझं काम रांगा लावणं, आणि लावलेल्या मोडणं.
भोकं धुतली की चार तासांत तांबं चढलं पाहिजे,
तांबं चढलं की ते काळवंडायच्या आत फिल्म.
सगळ्यांचे लॉट तातडीचे. लाल पट्टी सगळ्यांनाच हवी.
रस्ता अडवून उभ्या गाड्यांवर
अर्धवट पाट्यांचे ढीग,
मध्ये गुलाबी कागद, खाली कुणाचे तरी पैसे अडकलेले.
विकत घेतलेलं सगळं, विकलेलं काहीच नाही.

टाकीपाशी लॉट नव्हता.
पिवळ्या खोलीत, जिथे सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसतात,
लुयेनने मान वर न करता सांगितलं,
"तो ओउ साहेबांचा. वाळवणीच्या कपाटात, मागे."

होता. पाठीमागच्या फळीवर,
न्हाऊन पुसून ठेवल्यासारखा, फक्त कडा तपकिरी.
वर लाल कार्ड, ओउंच्या तिरप्या अक्षरात:
विचारल्याशिवाय हलवू नये. फोन ३०७.

ओउ नव्या वर्षाला निवृत्त झाले.
किनाऱ्याकडे कुठे तरी शिंपले विकतात म्हणे.
लुयेनने भिंतीवरचा फोन उचलला,
नियम म्हणजे नियम,
आणि तीनशे सात माझ्याच खिशात वाजला.

मी घेतला.
"विचारायचं होतं," ती म्हणाली, दोन पावलांवरून.
छपरावरून एक विमान गेलं, तेवढा वेळ
आम्ही दोघी फोन कानाला लावून उभ्या.

मी एक पॅनेल भिंगाखाली धरलं.
भोक आतल्या कड्याच्या मधोमध नाही,
कडा चाटून गेलंय. थर सरकलेले.
दाबतानाच सरकलेले असणार.
कार्ड उलटलं: प्रेस, रात्रपाळी, सही.
लहान, शाळेतल्यासारखी गोल सही.
तेव्हा ती प्रेसवर होती,
आणि तिचा करार वसंतात संपणार होता.

म्हणजे ओउंना सगळं दिसलं होतं.
भंगारात टाकलं असतं तर कारण लिहावं लागलं असतं,
पुढे पाठवलं असतं तर लाज.
म्हणून त्या हिशेबी माणसाने
तीस वर्षांत एकदाच
घोंगडं भिजत ठेवलं,
आणि फळीसुद्धा अशी निवडली की वर पाणी गळू नये.

करार झाला. एप्रिलात. मीच शिक्का मारला होता.

संगणकात चौकट उघडली: भंगाराचं कारण.
माणूस. मशीन. माल. इतर.
मी पुन्हा प्रेसपाशी गेले. नुसतीच.
वरचं पाकीट ताजं होतं, हिरवंगार.
पण मागे, तेलकट धुळीत पडलेलं आणखी एक,
कोपरा उंदराने कुरतडलेला.
तारीख वाचायला चष्मा पुसावा लागला:
त्या रात्रीच्या नऊ दिवस आधीच उलटलेली.

मशीन, मी लिहिलं.

"हलव," मी फोनवर म्हटलं.
फोन केव्हाच बंद झाला होता,
पण गाडीची चाकं वाजली.